मराठी माध्यमातून आलात? इंग्रजी व्याकरणाचा ऑनलाइन सराव असा करा

बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुण्यात आलेल्या मुलामुलींची इंग्रजीची अडचण बहुतेक वेळा सारखीच असते. वाचलेलं बऱ्यापैकी समजतं, लेक्चरही झेपतं. पण सरांना ई-मेल लिहायचा झाला, यूपीएससीच्या सक्तीच्या इंग्रजी पेपरसाठी निबंध लिहायचा झाला किंवा हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत मुलाखतीला बसायचं झालं, की गाडी अडते. मग सदाशिव पेठेतल्या रूमवर रात्री चार ॲप उतरवली जातात, पंधरा-वीस व्हिडिओ साठवून ठेवले जातात आणि महिन्याभरात सगळं बाजूला पडतं.

इंटरनेटवर मोफत आणि चांगली साधनं भरपूर आहेत. अडतं ते आपण नेमकं काय चुकतो हे न बघता सरावाला बसल्यामुळे. मराठी बोलणाऱ्याच्या इंग्रजीतल्या चुका मोजक्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा मराठीच्या वळणामुळे होतात. त्या ओळखल्या की शंभर धडे करायची गरज राहत नाही, वीस-पंचवीस धडे मन लावून केले तरी पुष्कळ फरक पडतो. या लेखातला क्रम त्याच हिशोबाने लावला आहे.

पहिली पायरी : आपली पातळी तपासा

केंब्रिज इंग्लिशच्या संकेतस्थळावर ‘टेस्ट युअर इंग्लिश’ नावाची मोफत चाचणी आहे. त्यातल्या सर्वसाधारण गटात 25 बहुपर्यायी प्रश्न असतात आणि शेवटी तुमची अंदाजे पातळी सांगितली जाते. ही पातळी ए1 ते सी2 अशा सहा टप्प्यांत मोजतात. युरोप परिषदेने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेली ही चौकट आता जवळजवळ सगळ्या इंग्रजी शिकवणाऱ्या साइट वापरतात, त्यामुळे ती एकदा समजून घेतली की पुढे कुठेही गोंधळ होत नाही.

चाचणी देताना शेजारच्याला विचारू नका, शब्दकोश उघडू नका. ए2 आली तर ए2. सरावाला मात्र आलेल्या पातळीच्या एक टप्पा खालून बसा. बी1 आलेल्या मुलांचीही ए2 मधली आर्टिकल (‘अ’, ‘ॲन’, ‘द’) आणि प्रश्नार्थक वाक्यं कच्ची असतात, आणि वरचे धडे त्याच पायावर उभे असतात.

दुसरी पायरी : मुख्य साइट एकच ठेवा

माझी निवड ब्रिटिश कौन्सिलची ‘लर्न इंग्लिश’. तिथला व्याकरणाचा विभाग पातळीनुसार लावलेला आहे: ए1-ए2, बी1-बी2 आणि पुढे सी1. प्रत्येक धड्याची रचना मला फार आवडते. आधी एक छोटी चाचणी, मग स्पष्टीकरण, मग दुसरी चाचणी. पहिल्या चाचणीत सगळं बरोबर आलं तर धडा सोडून पुढे जा, कारण जे येतं त्याचाच सराव करत बसण्यात मोबदला नाही. चुकलं तर स्पष्टीकरण नीट वाचा, दुसरी चाचणी करा आणि दोन दिवसांनी ती पुन्हा उघडा.

एखाद्या विषयावर आणखी सराव हवा असेल तर ‘परफेक्ट इंग्लिश ग्रामर’ उघडा. तिथे काळांवरचे सराव भरपूर आहेत आणि ते पीडीएफ म्हणूनही उतरवता येतात. अभ्यासिकेत मोबाइल बाजूला ठेवून बसणाऱ्यांनी चार पानं छापून घ्यावीत, हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं. फक्त काळांसाठी ‘इंग्लिश पेज’ ही साइटही चांगली आहे. तिचं रूप जुनाट आहे, पण समजावून सांगण्याची पद्धत सोपी आहे.

ड्युओलिंगोबद्दल बरेच जण विचारतात. हिंदीतून इंग्रजी शिकायचा कोर्स त्यात आहे. रोज बसायची सवय लागावी म्हणून तो ठीक. मात्र नियम का, कुठे, कसा हे समजून घ्यायचं असेल तर तेवढ्यावर भागत नाही.

तिसरी पायरी : मराठीच्या वळणाच्या चुका आधी धरा

धडे पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने करू नका. खालचे विषय आधी उघडा.

*आर्टिकल.* मराठीत आर्टिकल नाहीत, म्हणून इंग्रजी लिहिताना ती गळतात किंवा नको तिथे येतात. ‘मी पुस्तक घेतलं. पुस्तक फाटलेलं होतं.’ मराठीत दोन्हीकडे नुसतं ‘पुस्तक’. इंग्रजीत पहिल्यांदा उल्लेख आला तेव्हा ‘अ बुक’, आणि कोणतं पुस्तक हे ऐकणाऱ्याला कळल्यावर ‘द बुक’. एवढा एक फरक पक्का झाला तरी अर्धी लढाई संपते. ‘अ’ की ‘ॲन’ या प्रश्नात तर देवनागरी आपल्या मदतीला येते. शब्द देवनागरीत लिहून बघा. सुरुवातीला स्वर आला तर ‘ॲन’, व्यंजन आलं तर ‘अ’. ‘अवर’ म्हणजे तास, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ला ‘य’ आहे, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘एमपीएससी’ ‘ए’ने सुरू होतं, म्हणून ‘ॲन एमपीएससी स्टुडंट’. ‘वन-वे’ला ‘व’ आहे, म्हणून ‘अ वन-वे रोड’. इंग्रजी स्पेलिंगकडे बघून जे गोंधळ होतात ते इथे होतच नाहीत.

*‘पासून’चे दोन वाटे.* आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘तीन वर्षांपासून’ही म्हणतो. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’, मधला काळ मोजायचा असेल तर ‘फॉर’. शिवाय क्रियापदही बदलतं. ‘मी तीन वर्षांपासून पुण्यात राहतोय’ याचं ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स थ्री इयर्स’ असं भाषांतर आपल्याकडे सर्रास होतं. बरोबर वाक्य आहे ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर थ्री इयर्स’. मुलाखतीत स्वतःची ओळख करून देताना याच प्रकारचं वाक्य पहिल्या मिनिटात येतं, म्हणून ‘प्रेझेंट परफेक्ट’ आणि ‘प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस’ हे दोन धडे पहिल्याच आठवड्यात करा. त्यातच आणखी एक गोष्ट तपासा: ‘काल’, ‘मागच्या वर्षी’ असा संपलेला काळ वाक्यात असेल तर ‘हॅव’ येत नाही. ‘आय हॅव मेट हिम यस्टर्डे’ चुकीचं, ‘आय मेट हिम यस्टर्डे’ बरोबर.

*प्रश्नाची रचना.* ‘तो कुठे राहतो?’ आणि ‘तो कुठे राहतो, मला माहीत नाही’ या दोन्हींत मराठी शब्दांची जागा बदलत नाही. इंग्रजीत बदलते. थेट प्रश्नात ‘व्हेअर डझ ही लिव्ह?’, पण वाक्याच्या पोटात गेल्यावर ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज’. म्हणून ‘व्हाय यू आर लेट?’ ही चूक होते, आणि उलट बाजूने ‘टेल मी व्हेअर इज द ऑफिस’ हीसुद्धा. दोन्ही धडे एकापाठोपाठ करा, तरच फरक ठसतो. याच ठिकाणी ‘डिड यू वेंट’ही तपासा. भूतकाळ ‘डिड’ने घेतला की मूळ क्रियापद मोकळं होतं: ‘डिड यू गो’.

*‘ला’, ‘शी’, ‘वर’.* आपले प्रत्यय नामाला चिकटतात, त्यांची इंग्रजी प्रिपोझिशन (‘टू’, ‘विथ’, ‘ऑन’ असे शब्द) एकास एक मिळत नाहीत. ‘त्याला सांगितलं’ म्हणजे ‘टोल्ड हिम’. ‘त्याला विचारलं’ म्हणजे ‘आस्क्ड हिम’. पण ‘त्याला समजावून सांगितलं’ म्हणजे ‘एक्स्प्लेन्ड इट टू हिम’. लग्न कुणाशी तरी होतं, इंग्रजीत मात्र ‘मॅरीड टू’. माझ्यावर रागावला म्हणजे ‘अँग्री विथ मी’, ‘ऑन मी’ नव्हे. एखाद्या विषयावर चर्चा केली तर ‘डिस्कस’नंतर काहीच लागत नाही, ‘अबाउट’ सरळ काढून टाका. यांचा नियम शोधत बसू नका. क्रियापद आणि प्रिपोझिशन यांची जोडी एकत्रच पाठ करा, पाढ्यासारखी.

*जरी-तरी.* मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ येतोच. इंग्रजीत दोघांपैकी एकच: ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट आउट’. मध्ये ‘बट’ घालायचा नाही.

*जर-तर.* ‘पाऊस आला तर मी येणार नाही.’ पुढच्या गोष्टीसाठी आपण चक्क ‘आला’ म्हणतो. इंग्रजीत तिथे साधा वर्तमानकाळ येतो: ‘इफ इट रेन्स, आय वोन्ट कम’. बरेच जण ‘इफ’नंतर ‘विल’ घालतात, कारण गोष्ट पुढची आहे. साइटवर हा विषय ‘कंडिशनल्स’ या नावाने मिळेल, ‘झीरो’ आणि ‘फर्स्ट’ हे दोन प्रकार आधी.

बाकीच्या किरकोळ गोष्टी पटापट सांगतो. ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’ टाळण्यासाठी ‘स्टेटिव्ह व्हर्ब्ज’चा, म्हणजे स्थिती दाखवणाऱ्या क्रियापदांचा धडा. ‘वन ऑफ माय फ्रेंड’मध्ये ‘फ्रेंड्स’ हवं. बाबा येत आहेत म्हणून ‘माय फादर आर कमिंग’ होत नाही, इंग्रजीत आदरार्थी अनेकवचन नाही. ‘दोन दिवसांपूर्वी’ला ‘टू डेज अगो’. आणि ‘च’साठी वाक्याच्या शेवटी लावलेलं ‘ओन्ली’ मित्रांत चालतं, ई-मेलमध्ये आणि उत्तरपत्रिकेत नको.

चौथी पायरी : शब्दकोश व्याकरणासाठी वापरा

आपण शब्दकोश अर्थासाठी उघडतो आणि बंद करतो. केंब्रिज डिक्शनरी किंवा ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरी या दोन्ही मोफत साइट शिकणाऱ्यांसाठी बनवल्या आहेत, त्यात अर्थाखाली खरा ऐवज आहे. नाम मोजता येतं की नाही हे केंब्रिजमध्ये ‘सी’ (काउंटेबल) आणि ‘यू’ (अनकाउंटेबल) या खुणांनी, तर ऑक्सफर्डमध्ये पूर्ण शब्दांत दाखवलेलं असतं. ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’ केंब्रिजमध्ये शोधून बघा, ‘यू’ दिसेल. म्हणजे त्यांना अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही आणि मागे ‘ॲन’ही येत नाही. क्रियापद शोधलंत तर त्याच्यासोबत कोणतं प्रिपोझिशन येतं ते उदाहरणांत ठळक केलेलं असतं. केंब्रिजच्या साइटवर स्वतंत्र व्याकरण विभागही आहे. तिथे चुका होण्याजोग्या जागा वेगळ्या दाखवल्या आहेत, त्या जरूर वाचा.

मराठीतून अर्थ हवा असेल तर गूगल ट्रान्सलेट एका शब्दापुरतं वापरा. अख्खा परिच्छेद मराठीत लिहून भाषांतर करून घेतलात तर व्याकरणाचा सराव त्या यंत्राचा होतो.

पाचवी पायरी : रोज लिहा आणि तपासून घ्या

रिकाम्या जागा भरता येणं वेगळं आणि रिकाम्या पानावर लिहिता येणं वेगळं. म्हणून पहिल्या आठवड्यापासूनच रोज सात-आठ वाक्यं लिहा. विषय साधे घ्या: आजचं लेक्चर, मेसचं जेवण, स्वारगेटला बस चुकली तो प्रसंग, घरमालकांना डिपॉझिटबद्दल पत्र.

एक गोष्ट आधी करा. मोबाइलच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन सरावापुरती शब्द आपोआप दुरुस्त करण्याची सोय बंद करा, पुढचा शब्द सुचवण्याचीही. ती चालू असेल तर तुमच्या चुका तुम्हाला दिसणारच नाहीत.

लिहिलेलं तपासायला केंब्रिजचं ‘राइट अँड इम्प्रूव्ह’ उघडा. खातं मोफत काढता येतं. पातळीनुसार विषय दिलेले असतात. लिहून पाठवलं की थोड्याच वेळात अंदाजे पातळी कळते आणि कोणतं वाक्य कमकुवत आहे ते रंगाने दाखवलं जातं. ते सगळं दुरुस्त करून देत नाही, विचार करायला जागा ठेवतं, आणि शिकणाऱ्याला तेच हवं असतं. त्याच मजकुरावर दोन-तीनदा काम करा. नवा विषय घेण्यापेक्षा जुनाच परिच्छेद सुधारण्यात जास्त शिकायला मिळतं.

लँग्वेज टूल आणि ग्रामरली यांच्या मोफत आवृत्त्याही उपयोगी आहेत. सेटिंगमध्ये ब्रिटिश इंग्रजी निवडा, कारण आपल्या शाळा-कॉलेजांत तेच स्पेलिंग शिकवतात. सुचवलेली दुरुस्ती लगेच स्वीकारू नका. आधी कागदावर लिहा की माझं काय चुकलं, मग बटण दाबा.

चॅटजीपीटी, जेमिनाय अशा एआय साधनांना नुसतं ‘दुरुस्त करून दे’ म्हटलंत तर सुंदर इंग्रजी मिळेल, पण ते तुमचं नसेल. त्यापेक्षा मराठीतच असं सांगा: ‘माझ्या परिच्छेदातल्या चुकांची फक्त जागा दाखव, बरोबर उत्तर देऊ नको. प्रत्येक चूक कोणत्या प्रकारची आहे ते मराठीत सांग. मी पुन्हा लिहून पाठवतो.’ मग त्याच चुकीवर पाच नवी वाक्यं सरावाला मागा. एआय कधीकधी चुकीचा नियमही ठामपणे सांगतं, म्हणून शंका आली तर केंब्रिजच्या व्याकरण विभागात पडताळून घ्या. आधार क्रमांक, पत्ता, मार्कशीट असलं काही त्यात टाकू नका.

सहावी पायरी : ऐकण्यातून व्याकरण

बीबीसी लर्निंग इंग्लिश हा विभाग 1943 पासून जगभरच्या लोकांना इंग्रजी शिकवतो आहे. त्यातला ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम आपल्याला फार सोयीचा. दोन निवेदक एखाद्या विषयावर साध्या इंग्रजीत बोलतात आणि बोललेलं सगळं लिखित स्वरूपात साइटवर असतं. वनाज ते रामवाडी मेट्रोच्या एका प्रवासात एकच भाग दोनदा-तीनदा ऐकून होतो.

पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा लिखित मजकूर समोर ठेवून ऐका. रूमवर आल्यावर त्यातली पाच वाक्यं वहीत उतरवा, आर्टिकल आणि प्रिपोझिशनच्या जागा रिकाम्या ठेवून. दुसऱ्या दिवशी त्या जागा आठवून भरा. व्याकरणाचा याहून चांगला सराव मला माहीत नाही, कारण ही वाक्यं खरोखर कुणीतरी बोललेली असतात.

पाया फारच कच्चा असेल तर

ए1 पातळी आली आणि ब्रिटिश कौन्सिलच्या साइटवरचं इंग्रजी स्पष्टीकरणच जड जात असेल तर बालभारतीकडे वळा. 1967 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं कार्यालय आपल्या सेनापती बापट रस्त्यावरच आहे. ई-बालभारतीच्या साइटवर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. मराठी माध्यमाची पाचवी ते आठवीची इंग्रजीची पुस्तकं उतरवून घ्या आणि त्यातले भाषेचे स्वाध्याय सोडवा. पुस्तकातले क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपवर स्कॅन केले तर पाठाशी जोडलेलं साहित्य मिळतं. कॉलेजात गेल्यावर सहावीचं पुस्तक उघडायला संकोच वाटतो, हे मी समजू शकतो. पण महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं ते 2000 मध्ये. त्याआधी शाळेत गेलेल्यांनी इंग्रजी पाचवीपासूनच शिकायला घेतलं आणि त्यातले कितीतरी जण आज उत्तम इंग्रजी लिहितात. तुमच्या हातात त्यांच्यापेक्षा अधिक साधनं आहेत.

चुकांची वही

डाव्या बाजूला तुमचं चुकलेलं वाक्य, उजव्या बाजूला बरोबर वाक्य, खाली एका ओळीत कारण मराठीत. एवढंच. आठवड्यातून एकदा उजवी बाजू झाकून वाचा. मोबाइलवर हवं असेल तर अँकी हे उजळणीच्या कार्डांचं ॲप वापरा. त्यात चुकलेलं कार्ड लवकर आणि बरोबर आलेलं उशिरा समोर येतं. अँड्रॉइडवर आणि संगणकावर ते मोफत आहे, आयफोनवर पैसे पडतात. दुसऱ्यांनी बनवलेले कार्डांचे गठ्ठे उतरवू नका, आपल्या चुका आपणच भरा.

वेळ आणि पैसे

रोज चाळीस मिनिटं पुरतात. पंधरा मिनिटं धडा, पंधरा मिनिटं लेखन, दहा मिनिटं ऐकणं किंवा वही. रविवारी नवा धडा नको, फक्त आठवड्याची उजळणी.

वर सांगितलेलं जवळजवळ सगळं मोफत आहे. म्हणून किमान तीन महिने यावर एक रुपयाही खर्च करू नका. महिन्याभरात फाडफाड इंग्रजी बोलायला लावतो असं सांगणारे कोर्स फोनवर आग्रह करतील, आजच फी भरा, सवलत संध्याकाळी संपते म्हणतील. घरून आलेले पैसे तिथे घालू नका. तीन महिन्यांनंतरही लेखन अडत असेल तर तुमची वही वाचून चुका समजावून देणारा शिक्षक शोधा. पैसे द्यायचे तर त्या वाचण्याचे द्या.

यूपीएससी करणाऱ्यांनी एक भर घालावी. मुख्य परीक्षेतला इंग्रजीचा सक्तीचा पेपर 300 गुणांचा असतो आणि त्यात 25 टक्के गुण मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर तपासले जात नाहीत. निबंध, उताऱ्यावरचे प्रश्न, सारांशलेखन आणि शब्द-वाक्यांचा वापर असं त्याचं स्वरूप आहे. आयोगाच्या साइटवर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका मोफत आहेत. पहिल्या महिन्यानंतर रोजच्या लेखनाच्या जागी आठवड्यातून दोनदा त्यातल्याच उताऱ्याचा एक तृतीयांश शब्दांत सारांश लिहा, तोही पेनाने, घड्याळ लावून. मग तो टाइप करून तपासून घ्या आणि सापडलेल्या चुका त्याच वहीत चढवा.